डब्यावरचा 40 म्हणजे बाहेरचं ऊन नव्हे

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी भरायच्या वेळी एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी पाच मिनिटं थांबावं. खंडाळ्याकडून, भोरकडून, लोणंदकडून, नीरा ओलांडून पुणे जिल्ह्यातल्या गावांतून माणसं येतात आणि दुचाकींची रांग लागते. स्प्लेंडर, तिच्या हँडलला हँडल लावून पल्सर, पलीकडे शाइन, मग ॲक्टिव्हा, टोकाला एखादी बुलेट. पाचही गाड्या एकाच उन्हात तापतात, एकाच पावसात भिजतात आणि साताऱ्याला जायचं झालं तर एकच खंबाटकीचा घाट चढतात. पण त्यांच्यासोबत मिळालेल्या पुस्तिका उघडल्या तर इंजिन ऑइल एकसारखं नाही. स्प्लेंडरला 10डब्ल्यू30. शेजारच्या पल्सर 150 ला 20डब्ल्यू50. शाइनचे आणि ॲक्टिव्हाचे आकडे तेच, 10डब्ल्यू30. पण शाइनच्या डब्यावर एमए हवं आणि ॲक्टिव्हाच्या डब्यावर एमबी. युनिट इंजिनाच्या बुलेटला 15डब्ल्यू50.

आणि तरीही महामार्गाच्या दुतर्फा गॅरेजांत, पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर एकच सल्ला ठामपणे दिला जातो. आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच लागतं. कंपनी सांगते ते पातळ ऑइल थंड देशांसाठी असतं, नाहीतर ॲव्हरेज वाढवून दाखवण्यासाठी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण 20डब्ल्यू50 टाका, इंजिन कापसात ठेवल्यासारखं राहील.

हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे, सल्ला देणाऱ्यांच्या नाही. तो देणारा मेस्त्री बहुधा मनापासून बोलत असतो आणि त्याच्या मागे तीस-चाळीस वर्षांचा हाताचा अनुभव असतो. म्हणूनच त्याला खांदे उडवून उत्तर देता येत नाही. मुद्दा घेऊनच द्यावं लागतं.

पहिला मुद्दा त्या रांगेतच उभा आहे. ऑइलचा नंबर जर उन्हानं ठरत असता, तर एका शेडखालच्या सगळ्या गाड्यांना एकच नंबर लागला असता. स्प्लेंडर आणि पल्सर या दोन्ही भारतात, भारतातल्या रस्त्यांसाठी बनलेल्या गाड्या. पल्सर तर पुण्याच्या बजाजची, 2001 सालापासून याच हवेत धावणारी. दोन्हीकडच्या अभियंत्यांना मे महिना माहीत आहे. तरी एकानं 30 लिहिलं आणि दुसऱ्यानं 50, कारण नंबर ठरवताना ते इंजिनाच्या आत बघत होते: पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, बेअरिंगची जात, ऑइल पंपाची ताकद, ऑइलच्या वाटांची रुंदी, क्लचप्लेटांची रचना. बाहेरचा पारा हा त्या हिशोबातला एक आकडा आहे, आणि तो पुस्तिकेत आधीच धरलेला असतो.

गैरसमजाचं मूळ डब्यावरच्या आकड्यांत आहे. पुष्कळ लोक 20डब्ल्यू40 चा अर्थ असा लावतात की हे ऑइल वीस अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत चालतं. मग मे महिन्यात शिरवळचा पारा चाळिशीकडे सरकला की 30 चा डबा घ्यायला हात धजत नाही. प्रत्यक्षात हे आकडे तापमानाचे नाहीतच. अमेरिकेतल्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनं 1911 मध्ये ऑइलची जाडीनुसार वर्गवारी सुरू केली, तिचे हे क्रमांक. मागचा आकडा सांगतो की शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरतं तापल्यावर, ऑइल किती जाड राहतं. सेंटिस्टोक या मापात 30 नंबरचं ऑइल त्या तापमानाला 9.3 ते 12.5 च्या दरम्यान भरतं, 50 नंबरचं 16.3 ते 21.9 च्या दरम्यान. म्हणजे तापलेल्या इंजिनातही 50 चं ऑइल 30 च्या साधारण पावणेदोन पट जाड. शिवाय दीडशे अंशांना, वेगानं घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांच्या मध्ये ऑइल किती टिकतं याचीही वेगळी किमान अट आहे. 30 नंबरचं ऑइल उन्हात पाणी होतं असं म्हणणाऱ्यांनी ही अट लक्षात घ्यायला हवी. बाहेरचे चाळीस अंश त्या दीडशेच्या जवळपासही जात नाहीत.

पुढचा आकडा, डब्ल्यूसोबतचा, थंडीचा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. 10डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे पंचवीस अंशांना होते, 20डब्ल्यूची उणे पंधराला. इथं जाड ऑइलवाल्यांचा एक मुद्दा मान्य करावा लागेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या आल्या तरी सातारा-सांगलीत उणे पंधरा कधी होत नाही, त्यामुळे 20डब्ल्यूमुळे गाडी सुरूच होणार नाही असं घडत नाही. पण त्या परीक्षेत जे ऑइल पातळ ठरतं ते पंधरा-वीस अंशांनाही सहसा पातळच असतं. कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळातली काकवी ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तापलेली असताना ती धारेनं पडते आणि डिसेंबरच्या पहाटे बाटली उलटी धरली तरी तोंडाशी येऊन अडते. ऑइलही तसंच वागतं. चाळीस अंशांना 20डब्ल्यू50 चं माप साधारण दीडशे सेंटिस्टोकच्या पुढे असतं आणि 10डब्ल्यू30 चं सत्तरच्या आसपास. त्याहून थंडीत ही तफावत आणखी वाढते. रात्रभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीला पहाटे पहिली किक बसते, तेव्हा बहुतेक ऑइल खाली तळाशी असतं आणि कॅमशाफ्ट, रॉकर वर डोक्यात असतात. पंपानं ते वर पोचवेपर्यंत धातूला जुन्या ओलाव्यावर भागवावं लागतं. ज्या पंपाची आणि ज्या वाटांची मापं 10डब्ल्यू30 धरून काढली आहेत, त्यांच्याकडून दुप्पट जाड ऑइल उचलून घेणं म्हणजे हा उपाशी काळ रोज थोडा लांबवणं. घासण्यापासून वाचवण्यासाठी टाकलेलं ऑइल ज्या क्षणी सगळ्यात जास्त हवं असतं, त्याच क्षणी उशिरा पोचतं.

स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं, ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. त्यात क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक सुईसारख्या रोलरांवर. मोटारीच्या आणि ट्रकच्या इंजिनात इथं गुळगुळीत धातूच्या वाट्या असतात आणि शाफ्ट अक्षरशः ऑइलच्या दाबावर तरंगतो. तिथं ऑइलच्या पापुद्र्याची जाडी हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. गोळ्यांच्या आणि रोलरांच्या बेअरिंगला एवढा दाब लागत नाही. त्यांना ऑइल मिळत राहिलं पाहिजे, ताजं, स्वच्छ आणि वेळेवर. ट्रकच्या मेस्त्रीनं शिकलेला जाड ऑइलचा धडा म्हणूनच या छोट्या इंजिनाला जसाच्या तसा लागू पडत नाही. उलट आठ अश्वशक्तीतला एक वाटा जाड ऑइल घुसळण्यात जातो. गाडी जड वाटते, सकाळी गिअर अडखळत पडतो, पेट्रोल थोडं जास्त जातं. आवाज मात्र जरा दबतो, आणि मालकाला तो दबलेला आवाज इंजिनाच्या तब्येतीचा वाटतो.

मग इतक्या अनुभवी माणसांना जाड ऑइलवर एवढा विश्वास का? त्यांनी ज्या गाड्यांवर हात बसवला, त्या गाड्यांच्या बाबतीत तो विश्वास खरा होता, हे याचं प्रामाणिक उत्तर आहे.

ज्यांनी राजदूत आणि येझदीवर खंबाटकी चढली आहे, त्यांना पेट्रोलमध्ये 2टी ऑइल मिसळण्याचे दिवस आठवत असतील. टू-स्ट्रोक इंजिनात तेच ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि ते कमी पडलं की भर घाटात पिस्टन धरायचा. मागं माणूस, पुढं टाकीवर पोर, अशी गाडी घाटात न्यायची म्हटल्यावर जाणते लोक 2टी हात सैल सोडून घालायचे, आणि ते बरोबरच होतं. जास्त धूर परवडला, पण जाम झालेलं इंजिन नको. जास्त ऑइल म्हणजे जास्त रक्षण हा धडा त्या पिढीनं तिथं गिरवला.

दुसरा धडा जुन्या बुलेटचा. बीडाच्या इंजिनाच्या त्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळी आणि क्लच ज्यात फिरतो ती चेनकेस वेगळी. तिघांचं वंगण वेगवेगळं. इंजिनात मोटारीचं 20डब्ल्यू50 ओतलं तरी ते क्लचला शिवतच नसे. त्यामुळे मोटारीचं ऑइल आम्ही वर्षानुवर्षं टाकलं, काही झालं नाही, असं एखादे जुने बुलेटवाले सांगतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. पण पुढे कंपनीनं 350 साठी युनिट कन्स्ट्रक्शनचं इंजिन आणलं, ज्यात हे तिन्ही कप्पे एक झाले. आता तेच ऑइल पिस्टनला, तेच गिअरच्या दात्यांना आणि तेच क्लचप्लेटांना. नाव बुलेटच राहिलं, आवाजही ओळखीचा राहिला, त्यामुळे आतला हा बदल पुष्कळांच्या ध्यानात आला नाही.

आणि तिसरा धडा कृष्णाकाठचा. किर्लोस्करवाडी 1910 ची. पुण्यात किर्लोस्करांचा डिझेल इंजिनांचा कारखाना 1946 चा. सातारा-सांगलीच्या मळ्यांत पाण्याचे पंप या ऑइल इंजिनांनी ओढले, आणि त्या इंजिनाचं ऑइल घरातल्या कोपऱ्यात डब्यानं असायचं. त्यातलंच लिटरभर मोटरसायकललाही टाकायची सवय कित्येक घरांत लागली, आज तीच सवय ट्रॅक्टरच्या ऑइलनं चालू आहे. शेतावरचं ते इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांनी एकसुरात चालतं. स्प्लेंडर आपली पूर्ण ताकद देते आठ हजार फेऱ्यांना. शिवाय डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं वेगळ्या प्रमाणात असतात, त्यांची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर साचू शकते. इथंही एक कबुली द्यायला हवी: डिझेलच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं सहसा नसतात, म्हणून त्यानं क्लच लगेच घसरत नाही. काही झालं नाही, असं सांगणाऱ्यांच्या अनुभवाचं हे कारण आहे. क्लच टिकला म्हणून बाकी सगळं ठीक, असा त्याचा अर्थ मात्र निघत नाही.

जाड ऑइलच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद ॲव्हरेजचा आहे. कंपन्या पातळ ऑइल सांगतात ते ॲव्हरेजचे आकडे फुगवण्यासाठी, इंजिनाचं काही का होईना. हा आरोप हवेतला नाही. अमेरिकेत इंधनबचतीच्या सरकारी नियमांमुळे मोटारींना 5डब्ल्यू20 सारखी पातळ ऑइलं सांगितली गेली आणि त्याच इंजिनांना इतर देशांत अधिक जाड ऑइलं चालतात, अशी उदाहरणं आहेत. इंधनबचतीचा विचार नंबर ठरवताना होतो, यात शंका नाही. पण फक्त तोच होतो, हे कशावरून? हीरो कंपनी स्प्लेंडरला पाच वर्षांची किंवा 70,000 किलोमीटरची वॉरंटी देते. दर महिन्याला लाखोंनी दुचाकी विकणाऱ्या कंपनीनं इंजिन खाणारं ऑइल सुचवलं, तर बोर-पिस्टनचा खर्च तिच्याच अंगावर येईल. पुस्तिकेतला नंबर असा स्वतःच्या खिशाला झळ लावून घेऊन लिहिलेला आहे. वॉरंटीच्या काळात वेगळं ऑइल टाकून इंजिन गेलं, तर जाड ऑइलचा सल्ला देणारा कोणीही ते भरून देत नाही.

उलट बाजूचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. हल्ली तरुण पोरांमध्ये पातळ सिंथेटिक म्हणजे वेग, असं एक वेड आहे. पल्सर 150 च्या मालकानं पिकअपसाठी 10डब्ल्यू30 ओतलं, तर तोही पुस्तिका मोडतोच. त्या इंजिनाच्या फटी आणि पंप 50 धरून बनले आहेत. सिंथेटिक म्हणजे पातळ, हेही खोटं. सिंथेटिक ऑइल 20डब्ल्यू50 मध्येही मिळतं. आणि सिंथेटिक या शब्दाचा अर्थही वाटतो तितका पक्का नाही. 1999 मध्ये अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की खनिज तेलावर खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणणं फसवं आहे. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळानं कॅस्ट्रॉलचा दावा मान्य केला, आणि तेव्हापासून डब्यावरचा तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. जास्त किमतीचा डबा घेतला म्हणजे योग्य डबा घेतला, असं म्हणूनच होत नाही.

आता घाटाकडे वळू. जाडी-पातळीच्या वादात जो शिक्का बघायचा राहून जातो, त्याची खरी परीक्षा खंबाटकीतच होते.

मोटारीत क्लच कोरडा असतो, ऑइलच्या बाहेर. मोटरसायकलमध्ये क्लचप्लेटा इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. मोटारीच्या ऑइलचं सगळं लक्ष घर्षण कमी करण्याकडे, तर मोटरसायकलच्या ऑइलनं पिस्टनला घसरू द्यायचं आणि क्लचला घसरू द्यायचं नाही. नव्वदच्या दशकात मोटारींसाठी इंधनबचतीची ऑइलं आली, त्यांत मॉलिब्डेनमची घर्षण घटवणारी संयुगं होती, आणि मोटरसायकलींचे क्लच घसरण्याची भीती उभी राहिली. म्हणून जपाननं 1998 मध्ये जासो टी 903 हे खास चार-स्ट्रोक मोटरसायकलींचं मानक काढलं. त्यात ऑइलमध्ये क्लच किती पकडतो हे मोजतात. चांगली पकड देणाऱ्याला एमए, त्यातल्या वरच्या पट्ट्याला एमए2, आणि कमी पकडीच्या ऑइलला एमबी. गिअरच्या दात्यांत चिरडून ऑइल किती पातळ होतं आणि झीज रोखणारं फॉस्फरस किती आहे, 0.08 ते 0.12 टक्के, याचीही त्यात अट आहे. हा शिक्का कंपन्या स्वतः चाचणी करून लावतात, ही टीका खरी आहे. पण त्यासाठी ऑइलची नोंद करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक डब्यामागच्या छोट्या चौकटीत छापलेला असतो. जिथं चौकटच नाही, तिथं तर कोणीच जबाबदारी घेतलेली नाही.

मोटारीचं इंधनबचतवालं ऑइल टाकलेली मोटरसायकल सपाटीवर, शिरवळ ते खंडाळा, कदाचित बिनतक्रार जाईल. घाट लागला, मागं बायको आणि मध्ये पिशवी असली, चौथ्यातून तिसऱ्यात आली, की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. प्लेटा घसरतात, घसरून तापतात, तापून जळतात. घाट संपेपर्यंत ट्रकांच्या रांगेत तिला ढकलत न्यायची वेळ येते. गॅरेजवाला सांगतो, क्लचप्लेटा गेल्या. त्या का गेल्या, हे डब्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

ॲक्टिव्हाला एमबी का, याचंही उत्तर इथंच आहे. स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूला, कोरडा. त्याला ऑइल शिवतच नाही, म्हणून तिथं कमी घर्षणाचं ऑइल चालतं आणि पेट्रोल वाचतं. पुष्कळ घरांत आता एक मोटरसायकल आणि एक स्कूटर असते आणि एकाच डब्यात दोन्ही उरकायचा मोह होतो. चूक करायचीच वेळ आली तर तिची दिशा तरी माहीत असावी. एमएचं ऑइल स्कूटरमध्ये गेलं तर ॲव्हरेज थोडं घटेल, एवढंच. एमबीचं मोटरसायकलमध्ये गेलं तर क्लच धोक्यात.

गॅरेजातली बोटांची परीक्षा हा याच वादाचा एक भाग आहे. मेस्त्री ऑइलची काडी काढतो, अंगठा आणि तर्जनीत थेंब घासतो, दम राहिला नाही, म्हणतो. बोटाचं तापमान पस्तीस अंश, इंजिनातल्या ऑइलचं शंभर. पस्तीसला पातळ वाटणारं ऑइल शंभरला काय करतं, ते बोटाला कळत नाही. खंडाळा तालुक्यातच 2013 मध्ये सुरू झालेला एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे. रंगाच्या धंद्यात जाडी तपासायला ठरलेल्या भोकाचा कप लागतो, ठरलेलं तापमान लागतं आणि रंग वाहून जायला लागणारे सेकंद घड्याळावर मोजावे लागतात. रंगाची जाडी कोणी चिमटीवर ठरवत नाही. रंगासाठी जे मान्य आहे ते ऑइलसाठीही मान्य व्हायला हवं.

काळ्या रंगाचंही तसंच. ऑइल काळं झालं म्हणजे मेलं, असं समजून दोन हजार किलोमीटरला बदलणारे पुष्कळ आहेत. चांगलं ऑइल काजळी आणि घाण अंगावर घेऊन तरंगत ठेवतं, म्हणून ते काळं होतं. महिनोन्महिने सोन्यासारखं दिसणाऱ्या ऑइलबद्दलच शंका घ्यायला हवी. स्प्लेंडरच्या वेळापत्रकात ऑइल बदलायचं 6,000 किलोमीटरला आणि मधे 3,000 ला पातळी भरून घ्यायची. बजाजनं तर आपल्या ऑइलच्या नावातच 10000 हा आकडा घातला.

पण किलोमीटर हे एकच माप नाही, आणि इथं शिरवळचा माणूस वेगळा ठरतो. कारखान्यापासून चार किलोमीटरवर राहणारा कामगार दिवसाला आठ किलोमीटर चालवतो, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वादोनशेच्याही आत, वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. त्यानं फक्त किलोमीटर मोजले तर सहा हजार व्हायला सव्वादोन वर्षांहून जास्त लागतील. आणि चार किलोमीटरात इंजिन पुरतं तापतच नाही. जळताना तयार झालेली वाफ आणि रिंगांवरून खाली उतरलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. तापलेल्या इंजिनात ते उडून गेलं असतं. अशा गाडीचं ऑइल मीटर कितीही कमी दाखवो, वर्षातून एकदा बदलायला हवं. दुसऱ्या टोकाला दूधवाला. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून तो वाडीवस्तीच्या चढांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालतो. वारा लागत नाही, इंजिन भाजत राहतं. उसाच्या हंगामात मागं वाढ्याचा भारा बांधून येणाऱ्या गाडीचीही तीच गत. या दोघांनी जाड ऑइलकडे वळायचं कारण नाही. नंबर पुस्तिकेतलाच ठेवावा, पण बदल लवकर करावा आणि दर आठवड्याला काडी बघावी.

काडी बघण्याकडे होणारं दुर्लक्ष हा खरं तर नंबरच्या वादापेक्षा मोठा गुन्हा आहे. या इंजिनांत सगळं मिळून लिटरभराच्या आसपास ऑइल असतं. त्यातलं पाव लिटर जळून गेलं, की उरलेल्या पाऊण लिटरला पूर्ण काम आणि पूर्ण उष्णता. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, काडी पुसायची, हीरो-होंडाच्या गाड्यांत आटे न फिरवता नुसती आत टेकवायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का पाहायचं. मिनिटभराचं काम. जुन्या, झिजलेल्या, निळा धूर मारणाऱ्या इंजिनात एखादी पायरी जाड ऑइल टाकून काही महिने ढकलता येतात, हे मान्य. पण ते दुखण्यावरचं तात्पुरतं औषध आहे. धडधाकट इंजिनाला ते पाजायचं काही कारण नाही.

दर दोन हजारांनी बदलण्याच्या सवयीचा आणखी एक हिशोब आहे, जो गॅरेजच्या बिलात येत नाही. सहा हजार किलोमीटरात एकदाऐवजी तीनदा ऑइल बदललं, तर एका स्प्लेंडरमागं जवळपास पावणेदोन लिटर काळं ऑइल जास्त निघतं. ते पत्र्याच्या डब्यात साठतं, चेनला लावायला जातं, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासलं जातं, आणि उरलेलं गॅरेजमागच्या मातीत. पावसाळ्यात ती माती ओढ्याला लागते, ओढा नीरेला, आणि शिरवळच्या खाली नीरेवर वीर धरण आहे. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. 18 सप्टेंबर 2023 ला केंद्रानं काढलेल्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ही गोळा करणारी गाडी महामार्गावरच्या एकेका गॅरेजपर्यंत आली पाहिजे. ती येईपर्यंत काळं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवणं एवढं तरी गॅरेजवाल्याला आणि गाडीवाल्याला आजपासून करता येईल. बदलून झाल्यावर नव्या ऑइलचा रिकामा डबाही तिथंच सोडू नये. नावाजलेल्या कंपनीच्या अखंड डब्याला भाव येतो, आणि गाळलेलं काळं ऑइल त्याच डब्यात भरून पुन्हा काउंटरवर येऊ शकतं. सील आपल्यासमोर फोडून घ्यावं, पुस्तिकेतला नंबर आणि जासोची चौकट डब्याशी जुळवावी, आणि निघताना त्या डब्याला सुरीनं एक चीर द्यावी.